हमीवर सुटलेला दशरथ आणि आमची मृणाल

माझा जन्मच येरवड्याच्या जेल लाइनीतला. आतला नाही हो, घाबरू नका, बाहेरच्या क्वार्टरमधला. वडील तुरुंगात शिपाई होते, मूळचे हिंगणघाटकडचे, नोकरीनं पुण्यात आणून टाकलं ते इथलेच झाले, पण बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं आणि आईच्या हातचा गोळाभातही तिकडचाच. शाळेत मुली विचारायच्या, तुझे वडील काय करतात, मी सांगायचे जेलमध्ये आहेत, की त्या एकदम गप्प, डबा उचलून पलीकडच्या बाकावर. मग मी ओरडून सांगायचे, अगं नोकरीला आहेत, नोकरीला! तेव्हापासून मला हे पक्कं माहीत आहे की तुरुंग हा शब्द नुसता कानावर पडला तरी लोक डबा उचलतात.

पुढे मी समाजकार्य शिकले, परीक्षा दिली आणि परिविक्षा अधिकारी झाले. आता परिविक्षा म्हणजे काय हे मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगतेय, माझ्या सासूबाईंना तर त्या जाईपर्यंत कळलं नाही, त्या सगळ्यांना सांगायच्या सून परीक्षा विभागात आहे. ते असं असतं बघा. एखाद्याच्या हातून पहिल्यांदाच गुन्हा घडला, शाबीतही झाला, पण कोर्टाला वाटलं की याला आत टाकून याचं वाटोळंच होईल, तर कोर्ट त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी सोडतं. हमी दोन वर्षांची म्हणा, तीन वर्षांची म्हणा. तेवढे दिवस त्यानं आमच्याकडे दर महिन्याला यायचं, न विचारता गाव सोडायचं नाही, आणि आम्ही त्याच्या घरी जाऊन बघायचं की गडी बरा चाललाय ना. मोडलं की आम्ही कोर्टाला कळवायचं आणि मग जुनी शिक्षा पुन्हा डोक्यावर. शिवाय पॅरोलवर, म्हणजे तुरुंगातून रजेवर येणारे असतात, ते पोलिसांकडे हजेरी देतात, पण त्यांना घरात घेणारं कुणी आहे का ही चौकशी कधीकधी आमच्या गळ्यात येते.

वडिलांना मी हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, काहून वं पोरी, कैदी त्याच्या घरी, कुलूप नाही, दांडा नाही, मंग तू त्याले धरून ठेवशील कशानं? मी म्हटलं, बोलून. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आईनं पाणी आणून दिलं आणि मलाच रागावली.

बदल्या फिरून मी पुण्यात आले आणि ऑफिसची प्रमुख झाले. हाताखाली पाच अधिकारी. समोर मॅडम म्हणतात, पाठीमागे जेलरबाई म्हणतात, मला सगळं ऐकू येतं, कान शाबूत आहेत माझे. पण तुम्हाला सांगते, मी काही मोठी साहेबीण वगैरे नाही, माझी माणसंच अशी आहेत की मला फार काही करावं लागत नाही. आमचा भोसले घ्या, मांजरीकडचा, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. कुणाच्याही घरी गेला की आधी पाणी मागतो. पाणी कोण आणतं, हसून आणतं की आपटून, नवरा बायकोला हाक मारतो की नुसती मान हलवतो, तेवढं बघून त्याचं निम्मं काम होतं. मी नवीन माणसांना पहिल्या आठवड्यात भोसलेबरोबरच पाठवते, ऑफिसात बसवून शिकवण्यासारखं त्यात काही नसतं.

आणि माझे काही नियम आहेत, ते कुठल्या सरकारी कागदात सापडणार नाहीत. सरकारी गाडी वस्तीत न्यायची नाही, कोपऱ्यावर सोडून चालत जायचं. गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये. शेजारणीनं विचारलं कोण तुम्ही, तर ओळखीचे आहोत. आणि माणूस जिथे नोकरी करतो तिथे पाऊल ठेवायचं नाही, मरून गेलात तरी. डबा उचलणारे लोक मी बघितलेत ना.

तर मृणाल. ती आली तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, ही आठवडाभर टिकली तरी खूप. सदाशिव पेठेतली मुलगी, इस्त्रीचा कुर्ता, प्रत्येक ण आणि ळ जागच्या जागी, आणि समोर कुणीही असो, त्याला आपण. अहो, ज्याला जन्मभर ए आणि अबे ऐकायची सवय, त्याला ही म्हणणार, आपण बसा ना, आपण पाणी घेणार का? तो बिचारा मागे वळून बघायचा, आणखी कोण आलंय म्हणून. आमचं ऑफिस खो खो हसायचं. भोसले म्हणायचा, बाई, तुमचं आपण ऐकून त्यो चोर उद्या उपरणं घालून येतोय बघा. ती शांतपणे म्हणायची, येऊ देत, छान दिसेल. आणि काय सांगू तुम्हाला, तिची माणसं वेळेवर यायची. आंघोळ करून यायची. मी एकदा एकाला विचारलं, का रे बाबा, आधी भोसले साहेबांकडे होतास तेव्हा तीन निरोप धाडावे लागायचे, तर लाजत म्हणाला, त्या बाई लय मानानं बोलतात हो.

खोटं मात्र तिला बोलता यायचं नाही. माझा नियम ऐकून म्हणाली, मॅडम, ओळखीचे आहोत म्हणणं खोटं नाही का? मी म्हटलं, अगं आधी ओळख करून घे, मग खरं होईल. ते तिला पटलं. पण कामाच्या ठिकाणी जायचं नाही, हा नियम तिच्या हातून मोडला आणि त्यात एक माणूस तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन पोचला.

तो माणूस म्हणजे दशरथ. लोहगावला राहायचा, पत्र्याच्या खोल्या असतात ना तशातली एक, बायको पूनम एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. हा हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवायचा, बस ठेकेदाराची, माणसं कंपनीची. गुन्हा काय, तर पार्किंगचं भांडण. पुण्यात दुसरं काय असणार! शेजाऱ्यानं याच्या दारात गाडी लावली, शब्दानं शब्द वाढला, यानं जॅकचा दांडा उचलला आणि त्याचा हात मोडला. हात मोडला हे काही थोडं नाही, मी त्याची बाजू घेत नाहीये. पण पहिलाच गुन्हा, आधी काही नाही, स्वतः त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला, म्हणून कोर्टानं दोन वर्षांच्या हमीवर सोडलं आणि मृणालच्या देखरेखीखाली दिलं. वर्षभर एकदाही चुकला नाही. राग आला की आता हा बसच्या काचा पुसायला घ्यायचा, त्यानंच तिला सांगितलं होतं, म्हणे माझी बस डेपोत सगळ्यात चकचकीत असते.

एक दिवस मृणाल तिच्या मावसभावाला काही द्यायला हिंजवडीला गेली होती. ऑफिसचं काम नव्हतं, सुट्टीच टाकली होती. तिथे स्टँडवर तिला दशरथची बस दिसली. दशरथ कुठे चहाला गेलेला, आणि ठेकेदाराचा सुपरवायझर चार ड्रायव्हरांसमोर त्याच्या नावानं शिव्या घालतोय, कुणा मॅडमनं तक्रार केली होती की गाडी थांबवली नाही, म्हणून हा म्हणतोय की दशरथ्याला मस्ती आलीय, काढूनच टाकतो. आता दुसरी कुणी असती तर मान खाली घालून निघून गेली असती. ही पुढे झाली. म्हणाली, अहो, आपण त्यांच्याबद्दल असं बोलू नका, त्यांची वर्तणूक अतिशय चांगली आहे, मला वर्षभराचा अनुभव आहे. तो म्हणाला, आपण कोण? ही म्हणाली, मी परिविक्षा अधिकारी. त्याला कुठे कळतोय तो शब्द, म्हणाला म्हणजे काय? आणि हिनं त्याला समजावून सांगितलं हो! कलमासकट! कॉलेजात शिकवलं होतं तसं, सोप्या भाषेत, उदाहरण देऊन!

दशरथ चहा पिऊन आला तेव्हा सुपरवायझरनं हात पुढे करून किल्ली मागितली. कंपनीच्या बायका-पोरी बसतात गाडीत, म्हणाला, मला गुन्हेगार नको. दशरथनं किल्ली दिली, मृणालकडे एकदा बघितलं आणि चालायला लागला. ही मागून हाका मारतेय, अहो थांबा, अहो ऐका, तो थांबला नाही.

पुढच्या हजेरीला तो आला नाही. फोन बंद. भोसले जाऊन आला, खोलीला कुलूप, शेजारी म्हणाले तो गावाला गेलाय, कुठल्या गावाला माहीत नाही. म्हणजे दोन गोष्टी मोडल्या, हजेरी चुकली आणि न सांगता गाव सोडलं. आता आम्हाला कोर्टाला कळवणं भागच होतं आणि कोर्टानं मनात आणलं असतं तर सरळ आत.

मृणाल माझ्याकडे राजीनामा घेऊन आली. डोळे सुजलेले, पण कागद अगदी व्यवस्थित घडी घातलेला. म्हणाली, मॅडम, मी त्यांचं चांगलं सांगायला गेले होते. मी म्हटलं, ते मला कळलं, आता हा कागद ठेव पर्समध्ये. मला राजीनामा नको, मला दशरथ पाहिजे, आणि कोर्टाची तारीख पडायच्या आत पाहिजे. ती म्हणाली, ते मला बघून दार लावून घेतील. मी म्हटलं, घेऊ देत, दार लावायचा हक्क आहे त्यांना. तू बाहेर उभी राहा.

आणि ती राहिली उभी. खरं सांगते, मी इतकी माणसं हाताखाली वागवली पण असं कुणी केलेलं बघितलं नाही. रोज ऑफिस सुटलं की स्कूटर काढून लोहगाव. पूनम कॅन्टीनमधून यायची, हिला बघायची आणि धाडकन दार. पहिल्या दिवशी म्हणाली, आमची भाकरी घालवलीत, आता काय बघायला आलात? दुसऱ्या दिवशी तेही बोलली नाही. गल्लीतल्या बायका जमायच्या, एकीनं विचारलं, कोण हो तुम्ही, रोज येताय? आता बघा, खोटं तर हिला बोलता येत नाही आणि खरं सांगितलं तर उरलीसुरली अब्रू जाणार. तर ही म्हणाली, माझ्यामुळे ह्यांचं मोठं नुकसान झालंय, मी माफी मागायला येते. ती बाई म्हणाली, गाडीला धडकलात काय? ही म्हणाली, मोठं नुकसान झालंय हो. तेव्हापासून त्या गल्लीत हिला बसायला स्टूल मिळायला लागलं, आणि पूनमला बायका सांगायच्या, अगं ऐकून तरी घे त्या पोरीचं, एवढ्या लांबनं येतीय.

मी इकडे अहवाल लिहायला बसले. भोसले समोर येऊन बसला. म्हणाला, मॅडम, दोन वळी लिवा, हजर न्हाय, गाव सोडलं हाय, न् मोकळं व्हा. मी म्हटलं, का सोडलं ते नको लिहायला? तो म्हणाला, ते लिवलं तर चौकशी तुमच्यावर न् त्या पोरीवर, तुमचं रिटायरमेंट तोंडावर आलंय, कशाला आंगावर घेता? भोसले वाईट माणूस नाही, माझ्या काळजीपोटीच म्हणत होता. घरी नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, मला विचारून तू कधी काही केलंयस का? म्हणजे हो. त्याचं हो असंच असतं.

मग मी लिहिलं. आमच्या अधिकाऱ्याकडून माहिती उघड झाल्यानं याची नोकरी गेली आणि त्यानंतर हा गैरहजर राहिला, गैरहजेरी खरी आहे, पण कारण आमच्याकडे आहे, आणि या ऑफिसची प्रमुख म्हणून जबाबदारी माझी. मृणालनं वाचलं, म्हणाली, मॅडम, जबाबदारी माझी लिहा. मी म्हटलं, तुझी असती तर खुर्ची तुला दिली असती, सही कर.

तारखेच्या दोनच दिवस आधी पूनमनं दार उघडलं. आपल्या फोनवरून नंबर लावला आणि फोन हिच्या हातात दिला. दशरथ शिरूरकडे मेव्हण्याकडे होता. मृणाल म्हणाली, चूक माझी होती, परवा तारीख आहे, मी कोर्टात तसं सांगणार आहे, आपण परत या. तो म्हणाला, आलो तर आत टाकतील? आता इथे कुणीही म्हणालं असतं, छे, मी आहे ना. ही म्हणाली, ते मला माहीत नाही, टाकूही शकतील, पण आपण आला नाहीत तर नक्की टाकतील. पलीकडून फोन कट. तिनं लगेच मला हे सगळं सांगितलं. मी वरवर म्हटलं, बरोबर बोललीस, पण मनातून मीही म्हटलं, गेला बहुतेक.

शिवाजीनगरच्या कोर्टात आम्ही सकाळपासून बसलो होतो, मी आणि मृणाल, आणि थोड्या वेळानं बघते तर भोसले शेजारी येऊन बसला. मी म्हटलं, तुझं काय काम इथे? म्हणाला, कँटीनचा वडा बरा असतोय इथला. दशरथचं नाव पुकारलं, कुणी नाही. पुन्हा पुकारलं, कुणी नाही. मृणालनं माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली. आणि तिसऱ्यांदा पुकारायला शिपायानं तोंड उघडलं तेवढ्यात मागून आवाज आला, हाय हाय, आलो. दशरथ, धापा टाकत, आणि मागे पूनम. पूनमच त्याला आणायला शिरूरला गेली होती, येताना एसटी बंद पडली वाघोलीपाशी, तिथून मिळेल त्या वाहनानं आले होते. तुम्हाला सांगते, मला रडू आलं, भर कोर्टात, या वयात.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी अहवाल वाचला, चष्मा काढला आणि मला म्हणाले, बाई, तुमचं ऑफिस आपल्या चुका असं नेहमी कोर्टाला कळवतं का? मी म्हटलं, नाही साहेब, नेहमी चुका होत नाहीत. ते हसले नाहीत, पण मान जरा खाली घातली. मग दशरथला विचारलं, तू का आला नाहीस हजेरीला? तो म्हणाला, लाज वाटली साहेब, सगळ्या ड्रायव्हर लोकांसमोर झालं ते. मग साहेब म्हणाले, पहिल्यांदा चुकलास म्हणून ताकीद आणि किरकोळ दंडावर सोडतो, हमी पुढे चालू. पण ह्या बाईंमुळे तुझी नोकरी गेली, तेव्हा तुला दुसरा अधिकारी देतो. चालेल?

दशरथ म्हणाला, नको साहेब, ह्याच राहू द्या. साहेब म्हणाले, का? तर तो म्हणाला, साहेब, माझ्या बापाला पोलिसांनी एकदा दुसऱ्याच माणसाऐवजी धरलं होतं, दोन दिवस ठेवलं, सोडताना कुणी सॉरीसुद्धा म्हणालं नाही. ह्या बाई सरकारी असून आमच्या दारात माफी मागायला उभ्या राहिल्या. मला दुसरं कोण नको.

मृणालला त्यानंतर मेमो मिळाला, मीच सही करून दिला, कारण चूक ती चूक. मलाही वरून पत्र आलं, चौकशी झाली, समज मिळाली, रिटायरमेंट काही अडलं नाही. मेमो दिला त्या दिवशी मी तिला चौकात नेऊन मिसळ खायला घातली. एवढ्या तिखटाची तिला सवय नाही, पाणी पीत पीत संपवली, पण पाव सोडला नाही. आणि मी तिला सांगून टाकलं, आजवर माझ्या हाताखाली जेवढे आले त्यात तुझ्यासारखं कुणी नाही. मी असं तोंडावर कुणाला म्हणत नाही, भोसले अजून वाट बघतोय.

दशरथची नवी नोकरी त्यानं त्याचीच शोधली, मार्केट यार्डातून भाजीचा टेम्पो. कुठल्या गाळ्यावर, कुणाकडे, हे मृणालनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. दुसरं वर्षही नीट गेलं. हमी संपली त्या दिवशी पूनम पेढे घेऊन आली, मी खाल्ले आणि दोघांना म्हटलं, आता या ऑफिसची पायरी चढू नका, कुठे दिसलो तर हाक मारू नका, सुखात राहा. आमच्याकडून आशीर्वाद असाच द्यायचा असतो.

आता मी घरी आहे, सकाळी फिरायला जाते, नवऱ्याला वैताग देते. ऑफिस मृणाल बघते. भोसलेला ती आपण म्हणते आणि तो तक्रार करत नाही. परवा संध्याकाळी ती घरी आली, चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. म्हणाली, मॅडम, आज विश्रांतवाडीच्या सिग्नलला माझ्या शेजारी टेम्पो थांबला, बघते तर दशरथराव. शेजारी मालक बसलेला, दोघं कशावर तरी हसत होते. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं, बघितलं, आणि मान फिरवून पुन्हा मालकाशी बोलायला लागले, जसं काही मी कुणीच नाही. मी म्हटलं, आणि तू? ती म्हणाली, मी समोरच्या सिग्नलकडे बघत बसले, हिरवा झाला, ते गेले. आणि एवढं सांगून ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मीही तिच्याबरोबर रडले, मग डोळे पुसून तिला म्हटलं, बस, चहा टाकते.